एका फळात सारे घर

मेक्सिकोत उन्हाळ्यात ‘आग्वा फ्रेस्का’ करतात. अर्थ साधा: ताजे, थंड पाणी. कलिंगडाच्या चार वाट्या फोडी, तेवढेच पाणी, एका लिंबाचा रस आणि फळाचा गोडवा पाहून साखर. सारे मिक्सरमधून काढून गाळायचे, की झाले! चिंचेचेही असेच पेय तिकडे आवडीने पितात. तिच्या ‘तामारिंदो’ या नावात तर ‘हिंद’ दडलेला आहे.

मला या पेयाचे मोल वाटते ते त्याच्या पातळपणामुळे. घट्ट रसाचा पेला एकट्याचा. पाणी घातले की एका फळात सारे घर आणि दारी आलेला पाहुणाही सामावतो.

पण त्याच मेक्सिकोत बाटलीबंद गोड पेयांचा खप इतका वाढला, की सरकारने २०१४ पासून त्यांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. असे का व्हावे? बाटलीची जाहिरात होते. घरच्या बरणीची कोण करणार?

मित्रहो, पन्हे आणि कोकम सरबत घरी असताना आपणही पाहुण्यापुढे बाटली ठेवण्यातच प्रतिष्ठा मानतो. प्रतिष्ठा बाटलीत नसते. स्वतःच्या हाताने लिंबू पिळण्यात असते, असे मला वाटते.