ओवी उतरली, आवाजाचे काय?

लोकगीत कागदावर उतरले की जतन झाले, अशी आपल्या मराठी विभागांची एक सुखद समजूत आहे. शहापूर-मुरबाडच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांवर विद्यार्थी पाठवावेत, बायकांना गाणी ‘सांगायला’ लावावीत आणि प्रबंधाच्या परिशिष्टात ती क्रमांकवार छापावीत, ही रूढ पद्धत. विद्यार्थ्याला लिहिता यावे म्हणून गाणारीण थांबत थांबत, सपाट स्वरात शब्द सांगते. तो गाण्याचा आवाज नव्हेच. ती मजकुराची हजेरी होय.

एबिंगहाउसने १८८५ साली विस्मरणाची मोजदाद प्रसिद्ध केली. त्यासाठी तो निरर्थक अक्षरगट ठरावीक गतीने वाचून पाठ करीत असे. अर्थ आणि भावना यांचा शक्यतो स्पर्श होऊ नये, हा त्यामागील जाणीवपूर्वक हेतू. आपण मात्र अर्थाने ओथंबलेल्या ओवीचे तेच करतो आणि त्याला संकलन म्हणतो!

यावर उत्तर ठरलेले असते : ‘शब्द टिकले ना? आवाज हा केवळ अलंकार.’ ॲनेट शिर्मर यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या मंडळींनी अवश्य पाहावा. भावपूर्ण स्वरात ऐकलेले शब्द आणि निर्विकार स्वरात ऐकलेले शब्द श्रोत्यांनी नंतर सारख्याच प्रमाणात ओळखले. येथवर अलंकारवाद्यांचीच सरशी. परंतु खिन्न स्वरात ऐकलेले शब्द पुढे छापील रूपात समोर आले तेव्हा अधिक नकारात्मक वाटले, आनंदी स्वरातले अधिक सुखद. आणि तो स्वर कोणता होता हे श्रोत्याला आठवते की नाही, यावर हा परिणाम अवलंबून नव्हता.

हा प्रयोग सुट्या शब्दांचा आहे, गीतांचा नव्हे, हे मान्य. तरी त्यातून निघणारी शंका गंभीर आहे. आवाज विसरला जातो, पण त्याने शब्दाला दिलेला रंग उरतो. जात्यावर गायलेले ‘माहेर’ आणि पाठवणीच्या वेळी गायलेले ‘माहेर’ छापात एकच दिसतात. ऐकणाऱ्या मुलीच्या मनात ते एक असतील काय? आणि वीस वर्षांनी तिला विचारले, तरी तो रंग कोठून आला हे ती सांगू शकेलच असे नाही. म्हणजे ‘आवाजाचे नंतर पाहू’ ही सबबच कोसळते.

साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’ला छापाखेरीज साधन नव्हते; तो दोष त्यांचा नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पाने लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि १९९०च्या दशकात त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. आज तर ध्वनिमुद्रणाचे साधन प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. गाणारणीची संमती, गाण्याचा प्रसंग आणि तिचा आवाज, या तिन्हींवाचून आलेले परिशिष्ट मार्गदर्शकांनी परत पाठवावे. शब्द वाचवल्याचे श्रेय घेणाऱ्यांनी आवाज गमावल्याची जबाबदारीही घ्यावी.