मोकळ्या जागेचा खेळ

फुटबॉलच्या सामन्यात चेंडू ज्याच्या पायाशी अधिक काळ तो संघ श्रेष्ठ, असा एक समज रूढ झाला आहे. स्पेनच्या राष्ट्रीय संघाने आणि बार्सिलोनाने 2008 ते 2012 या काळात जे यश मिळविले त्याने या समजाला जणू शास्त्राची प्रतिष्ठा दिली. त्यामुळे लेस्टर सिटीने 2015-16 च्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे विजेतेपद पटकावले तेव्हा जाणकारांची पंचाईत झाली. या संघाचा चेंडूवरील ताबा निम्म्याहून कमी, अचूक पासच्या कोष्टकात स्थान तळाच्या आसपास. गुणांच्या कोष्टकात मात्र 81 गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा दहा अधिक. 38 सामन्यांत पराभव अवघे तीन. ही विसंगती ‘चमत्कार’ या शब्दाखाली झाकली गेली. चमत्कार म्हटले की समजून घेण्याचे कष्ट वाचतात.

28 नोव्हेंबर 2015 रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध झालेला गोल पाहावा. कॉर्नर युनायटेडचा होता; म्हणजे त्यांचे बहुतेक खेळाडू लेस्टरच्या गोलपुढे जमले होते. गोलरक्षक श्मायकेलने चेंडू झेलला आणि क्षणाचाही विलंब न लावता फुक्सकडे दिला. फुक्स धावत सुटला, वार्डी त्याच्याही पुढे धावला, आणि काही सेकंदांत चेंडू पलीकडच्या जाळ्यात होता. लागोपाठ अकराव्या लीग सामन्यात वार्डीने केलेला हा गोल. युनायटेडच्या हाती चेंडू होता तेच त्यांचे वैगुण्य ठरले. चढाईसाठी पुढे सरसावलेला संघ आपल्या पाठीमागे केवढे मैदान सोडून येतो, हे लेस्टरने ओळखले होते.

मराठी माणसाला येथे गनिमी कावा आठवेल. परंतु ती तुलना फार ताणू नये. गनिमाला लपायला डोंगर असतात. फुटबॉलच्या मैदानावर लपायला एक झुडूपही नसते. लेस्टरचा बेत सर्वांच्या डोळ्यांदेखत होता. मॉर्गन आणि हुथ हे दोन थोराड बचावपटू आपल्या गोलक्षेत्रापासून फारसे दूर जात नसत. मधल्या फळीत कांते चेंडू हिसकावून घेई, ड्रिंकवॉटर तो लांबवर धाडी. जपानचा ओकाझाकी आघाडीवरून मागे येऊन प्रतिस्पर्ध्याला सतावी, आणि उजवीकडचा महरेझ कोणत्या क्षणी आत वळेल याचा भरवसा नसे.

हा सारा डोलारा केवळ धावण्यावर उभा होता, असेही नाही. पहिल्या नऊ सामन्यांत लेस्टरने 17 गोल खाल्ले होते. प्रशिक्षक रानिएरी यांनी ऑक्टोबरमध्ये बचावफळीच्या दोन्ही बाजू बदलून सिम्पसन व फुक्स यांना स्थिर केले. परिणाम वसंतात दिसला: 27 फेब्रुवारी ते 3 एप्रिल 2016 या काळातील सहा सामन्यांपैकी पाच 1-0 असे जिंकले गेले. प्रतिहल्ल्याची कीर्ती झाली, पण तो परवडावा म्हणून मागे जे कवाड बंद ठेवावे लागते त्याची चर्चा फारशी झाली नाही.

हा दुसऱ्याच्या कष्टांवर जगणारा खेळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो पटण्याजोगा नाही. चेंडू आपल्यापाशी ठेवण्यासाठी जे कसब लागते ते बहुधा पैशाने विकत घ्यावे लागते. वार्डी 2012 मध्ये सुमारे दहा लाख पौंडांना लीगबाहेरच्या फ्लीटवुडकडून आला होता. महरेझची किंमत त्याच्या निम्मीही नव्हती. अशा संघाने श्रीमंतांच्याच पद्धतीने खेळावे असे सांगणे म्हणजे त्याने नम्रपणे हरावे असे सांगणे होय. (लेस्टरही काही कंगाल नव्हते, त्यांच्या पाठीशी थायलंडचा धनाढ्य मालक होता. गरिबीचे काव्य रचताना तेवढे भान असावे.)

खरे दौर्बल्य निराळे आहे. या पद्धतीला लागणारी मोकळी जागा प्रतिस्पर्ध्याने द्यावी लागते. लेस्टरला कमी लेखले जात होते तोवर ती मिळत गेली. विजेत्याला कोणी कमी लेखत नाही. पुढच्या हंगामात संघ सावधपणे मागे थांबू लागले, आणि चेंडू नको असलेल्या लेस्टरच्या पायांशी चेंडू येऊन पडला. त्यातच कांते चेल्सीला गेला. चेल्सी 2017 मध्ये विजेता झाली. लेस्टरला 2017 च्या पहिल्या सहा लीग सामन्यांत एकही गोल करता आला नाही. 23 फेब्रुवारीला रानिएरी यांना दूर करण्यात आले, विजेतेपदाला तेव्हा दहा महिनेही झाले नव्हते. चार दिवसांनी लिव्हरपूलचा संघ लेस्टरला आला. तो आपल्या स्वभावानुसार पुढे चढून खेळला, पाठीमागे मैदान मोकळे सोडून. लेस्टरने तो सामना 3-1 असा जिंकला, आणि त्यांतले दोन गोल वार्डीचे होते.