खाज थांबते, नायटा पसरतो

पाऊस सुरू झाला की रत्नागिरीत लावणीच्या चिखलात दिवसभर भिजणारे, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी उतरवणारे आणि नीट न वाळलेले कपडे घालून कचेरीत बसणारे, सगळेच जांघ आणि कंबर खाजवू लागतात. नायटा किंवा गजकर्ण म्हणतात तो हा बुरशीचा संसर्ग. पूर्वी काही आठवड्यांच्या मलमाने तो जात असे. आता महिनोन्‌महिने हटत नाही आणि घरातल्या चौघांना होतो.

दोष पावसाचा नाही. पाऊस कोकणाला नवा नाही. दोष मोठ्या प्रमाणात दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र ट्यूबचा आहे. बुरशीवरचे औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे अतितीव्र स्टेरॉइड असे सगळे तिच्यात एकत्र असते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत शमते, रुग्ण खूश होतो. पण दाह म्हणजे बुरशीशी चाललेली शरीराची लढाई. ती दाबली की बुरशीला रान मोकळे. मलम थांबवले की खाज दुप्पट, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. पुढे जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर पट्टे उमटतात, ते कायमचे.

स्टेरॉइड मलम मुळात वाईट नव्हे. इसब आणि सोरायसिसमध्ये योग्य तीव्रतेचे, ठरावीक दिवस लावलेले हेच मलम आराम देते. पण चट्टा इसबाचा की नायट्याचा, हे दुकानदाराने काउंटरवर ठरवायचे नसते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीच्या यादीत टाकली. कागदावर नियम चोख आहे.

दरम्यान बुरशीही बदलली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांमध्ये सापडलेल्या एका जातीला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असे नाव दिले. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही आढळली. अशा वेळी बहुधा इट्राकोनाझोल द्यावे लागते, तेही कित्येक आठवडे. त्याच्या कॅप्सूल जेवणानंतर घ्यायच्या. सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर औषध नीट शोषले जात नाही. हृदय कमकुवत असलेल्यांना ते धोक्याचे. म्हणजे हेही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेण्याचे औषध नाही.

रुग्णाला दटावणे सोपे आहे. पण मंडणगडहून एसटीने रत्नागिरीला त्वचारोगतज्ज्ञाकडे यायचे तर दिवस जातो, मजुरी बुडते. ट्यूब गावातच मिळते. केवळ दुकानांवर छापे घालून हे सुटणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बुरशीवरचे साधे, स्टेरॉइड नसलेले मलम आणि गोळ्या पावसाळ्याआधी पोहोचायला हव्यात, आठ दिवसांपुरत्या नव्हे, पूर्ण उपचाराच्या. आणि ज्याला खाज आहे त्याच्या घरातल्या सर्वांनाच तपासायला हवे, कारण टॉवेल आणि अंथरूण बहुतेक घरांत एकच असते.