एकदां चाललें म्हणजे झालें काय?



संगणकाच्या तासास एखाद्यानें आज्ञावली लिहून ती चालविली, आणि अपेक्षिलेलें उत्तर पडद्यावर आलें, कीं तो हात झटकून मोकळा होतो. ‘एकदां चाललें म्हणजे झालें’ ही समजूत प्रस्तुत लेखकास घातक वाटते.

निकाल लावणाऱ्या आज्ञावलीचा एक लहानसा भाग घ्या. त्यास तीन गोष्टी पाहावयाच्या: लेखी परीक्षेची हजेरी, तोंडी परीक्षेची हजेरी आणि गुणांची सवलत. प्रत्येकीस ‘आहे’ व ‘नाहीं’ हीं दोनच उत्तरें; तरी प्रसंग ८ होतात. अशा दहा गोष्टी असल्या तर १०२४! मग तपासावें तरी किती?

ही गणना आपल्या खानदेशास परकी नाहीं. चाळीसगांवाजवळ पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. त्या आचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचिलेल्या ‘लीलावती’ंत सहा रसांच्या मिश्रणांचें उदाहरण घातलें आहे. एक एक, दोन दोन, असे सहांपर्यंत रस घेतां ६३ प्रकार होतात. त्यांत दोन दोन रसांचे अवघे १५.

या ‘दोन दोन’ मध्येंच युक्ति आहे. आज्ञावलींतील पुष्कळ दोष एका गोष्टीमुळें, किंवा दोन गोष्टी एकत्र आल्यामुळें प्रकट होतात. म्हणून कोणत्याही दोन गोष्टींच्या उत्तरांची प्रत्येक जोडी एकदां तरी येईल, असे प्रसंग निवडतात. वरील उदाहरणांत चारच पुरतात: दोन्हीं परीक्षांस हजर, सवलत नाहीं, केवळ लेखीस हजर, सवलत आहे, केवळ तोंडीस हजर, सवलत आहे, दोन्हींस गैरहजर, सवलत नाहीं. दहा गोष्टींस तर सहा प्रसंगांत काम भागतें! वरील चार ओळींसारख्या समतोल मांडण्यांचें गणित सी. आर. राव यांनीं १९४७ सालीं, प्रयोगांच्या आखणीसाठीं, मांडलें होतें.

परंतु युक्ति ही विवेकाची जागा घेऊं शकत नाहीं. दोन्हीं परीक्षांस गैरहजर, आणि सवलत मात्र आहे, असा विद्यार्थी वरील चारांत नाहीं. त्याच्याच बाबतींत दोष दडला असेल तर तो सुटून जाईल. जेथें कोणाचें वर्ष पणास लागलें आहे व प्रसंग आठच आहेत, तेथें आठही पाहावे. शिवाय प्रसंगांची यादी यंत्र करील. पण प्रत्येकाचें न्याय्य उत्तर कोणतें, हें नियम वाचून मनुष्यानेंच आधीं लिहून ठेविलें पाहिजे.

म्हणून शाळांनीं प्रात्यक्षिकांत आज्ञावलीइतकेच गुण तिच्या तपासणीस द्यावे, असें आमचें स्पष्ट मत आहे. पालकांनींही ‘चाललें का?’ असें न विचारतां ‘काय काय तपासलेंस?’ असें विचारावें.

नव्याण्णव मेंढरें सुखरूप असतां हरवलेल्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण ऐकला आहे. निकालाच्या यादींत चुकून अनुत्तीर्ण ठरलेलें एक मूल, हेंच तें मेंढरूं होय.