घरची शाळा आणि दुसरी नजर

‘डॉक्टर, आम्ही हिला इतक्यात शाळेत घालणार नाही. घरीच शिकवायचं ठरवलंय. चालेल ना?’ गेल्या काही वर्षांत हा प्रश्न आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागातही अधूनमधून येऊ लागला आहे. विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर बहुधा थोडी धाकधूक असते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना आधीच पुरेसं ऐकवलेलं असतं. आता डॉक्टरबाईही दोन शब्द सुनावणार, अशा तयारीनेच ते बसलेले असतात.

माझं उत्तर त्यांना वाटतं तितकं कडक नसतं. तीन ते सहा-सात वर्षांचं मूल घरी उत्तम शिकू शकतं. पण शाळा अक्षरं आणि अंक शिकवण्यापलीकडेही एक काम करत असते. आई-वडिलांखेरीज आणखी कोणाची तरी नजर तिथे मुलावर रोज पडते. फीच्या पावतीवर हे काम कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे ते आपल्या लक्षातही येत नाही. घरी शिकवायचं असेल तर या दुसऱ्या नजरेची सोय आधी करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी कायद्याचं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सहा वर्षांच्या आतलं मूल घरी असलं म्हणून कोणताही नियम मोडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला असून, त्यात खेळ, गोष्टी आणि हाताने करून पाहण्यावर भर दिला आहे. पुढेही शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. तेव्हा ‘तीन वर्षांचा झाला, अजून नर्सरीत नाही, आता याचं कसं होणार’ ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

मुलाने आजूबाजूच्या वस्तूंतून शिकावं, हा विचार आपल्याकडे परदेशातून नव्याने आलेला नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या या गावांत त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांना शिंपले, बिया, पानं, खडे यांतून मोजायला आणि ओळखायला शिकवलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या मुलांच्या अंगणात गेल्या. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द आज आपण सरकारी योजनेचं नाव म्हणून वापरतो, पण त्याचं मूळ अशा खऱ्याखुऱ्या अंगणात आहे.

अलीकडेच अशी एक घरी शिकणारी पाच वर्षांची मुलगी त्रिगुणी लशीच्या दुसऱ्या बूस्टरसाठी आमच्याकडे आली होती. सोबत एक जाड वही होती. तिने रोज विचारलेले प्रश्न आई त्यात लिहून ठेवते आणि शेजारी मुलगी चित्र काढते. त्या वहीत मटकीच्या तीन वाट्या होत्या. एक कोरडी, एक पाण्यात बुडवलेली, एक ओल्या फडक्यात बांधलेली. फडक्यातल्या मटकीला मोड आले, कोरडी तशीच राहिली आणि बुडवलेली आंबून तिला वास सुटला. ‘पाणी तर हिलाच जास्त दिलं होतं, मग?’ हा तिचा प्रश्न. बियाण्यालाही श्वास घ्यावा लागतो, हे तिला त्या वासातून कळलं. दुसऱ्या पानावर दह्याची फजिती होती. उकळत्या दुधात विरजण घातलं ते लागलंच नाही, कोमट दुधातलं लागलं. विरजणातले जिवाणू भाजून मेले, हे समजल्यापासून ती दुधात बोट बुडवल्याशिवाय विरजण घालू देत नाही. अक्षरं ती एसटीच्या पाट्यांवरून शिकली. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला तिची उंची पेन्सिलने मांडलेली आहे. या वयात वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते. आमच्याकडचा वाढीचा तक्ता म्हणजे अशी चौकटच, फक्त कागदावर काढलेली.

इतकी चौकस मुलगी, इतके जागरूक आई-वडील. लस देण्याआधी नेहमीप्रमाणे तिचे डोळे तपासले. डावा डोळा झाकला, तिने तक्त्यावरची चित्रं भराभर सांगितली. उजवा झाकला, तशी तिने माझा हात बाजूला ढकलला. पुन्हा झाकला, पुन्हा ढकलला. ती हट्ट करत नव्हती. चांगला डोळा झाकल्यावर तिला नीट दिसतच नव्हतं. डाव्या डोळ्याला मोठा नंबर होता आणि मेंदूने त्या डोळ्याकडून येणाऱ्या अंधुक चित्राची दखल घेणं सोडून दिलं होतं. याला आळशी डोळा म्हणतात. घरात कोणाला कळलं नाही, कारण दुसरा डोळा सगळं काम करत होता आणि तिच्या शिकण्याच्या सगळ्या वस्तू हाताच्या अंतरावर होत्या. यावर उपचार म्हणजे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर गुण चांगला येतो, पुढे तो कमी कमी होत जातो. ती वेळेत आली. पट्टीच्या त्या तासांत ती आता मोहरी आणि जिरं निवडते, सुईत दोरा ओवते. डोळ्याचा व्यायाम आणि घरची शाळा दोन्ही एकदमच चालतात.

घरच्या शाळेची अडचण इथे आहे. माया आणि सवय या दोन्हींमुळे घरच्या माणसांना काही गोष्टी दिसत नाहीत. फळ्यावरचं वाचायला मूल डोळे बारीक करू लागलं, की बाई पालकांना चिठ्ठी पाठवतात. घरी फळाच नसतो. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून मुलाला कमी ऐकू येत असेल, तर आई नकळत आवाज चढवून बोलू लागते आणि उणीव झाकली जाते. मुलाचं बोबडं बोलणं आईला शब्दन् शब्द कळतं. पण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही जवळजवळ सगळं कळायला हवं. हे तपासायला परका माणूसच लागतो.

शाळा आणि अंगणवाडीतून काही आरोग्यसेवाही मुलापर्यंत आपोआप पोहोचतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाली. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांना वर्षातून एकदा तपासतात. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, असं सगळं त्यात पाहिलं जातं. जंतनाशक गोळी तिथेच मिळते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायच्या टीडी लशीची आठवणही शाळेतच होते. पथकाच्या यादीत घरी शिकणारं मूल नसतं. ते आजारी पडेपर्यंत कोणाच्या नजरेला पडत नाही, आणि आळशी डोळा काही दुखत नाही.

घरी शिकवणाऱ्या पालकांना आणखी एक मोह होतो, तो पडद्याचा. शाळा नको म्हणून मूल घरी ठेवायचं आणि सकाळी टॅबवर अक्षरांचं अ‍ॅप, दुपारी गणिताचं, संध्याकाळी इंग्रजी गाण्यांचं, असा दिवस काढायचा. याला मी घरचं शिक्षण म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त पडदा नको, उलट किमान तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास झोप हवी. लहान वयात लागणाऱ्या चष्म्याचा प्रश्न तैवानला फार मोठा भेडसावत होता. तिथे २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर, उजेडात ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि दृष्टी कमी असलेल्या मुलांचं वर्षानुवर्षं वाढत चाललेलं प्रमाण खाली येऊ लागलं. त्यासाठी कोणतंही औषध लागलं नाही. आपल्याकडे तर ऊन फुकट आहे.

मुलाला मुलंही लागतात. आपला नंबर येईपर्यंत थांबणं, हरणं, भांडणं आणि दहा मिनिटांत विसरून पुन्हा खेळायला लागणं, हे प्रेमळ आई-वडिलांबरोबर शिकता येत नाही, कारण ते मुद्दाम हरतात. तेव्हा वाडीतली, सोसायटीतली, मैदानावरची मुलं रोज भेटली पाहिजेत. आणि घरच्या शाळेची बाई बहुतेक घरांत आईच असते, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची औषधं आणि वर पूर्ण वेळ शिक्षिका. तिची झोप आणि पाठदुखी पाहायला कोणाला वेळ नसतो. निर्णय दोघांचा असेल तर दिवसातले ठरलेले तास वडिलांच्याही वाट्याला यायला हवेत.

हे सगळं सर्वांसाठी नाही, हेही मला ठाऊक आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणारी बहुतेक मुलं वीटभट्टीवरची, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली, मोलमजुरी करणाऱ्यांची असतात. त्यांच्यासाठी शाळेतली खिचडी हे दिवसातलं भरवशाचं जेवण आहे आणि शाळा ही सुरक्षित जागा आहे. त्यांना शाळेपासून दूर नेणारा कोणताही युक्तिवाद मला मान्य नाही. आणखी एक गट आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते. मूल बोलत नाही, नजर देत नाही, इतर मुलांत मिसळत नाही, आणि ‘याचे बाबाही उशिराच बोलायला लागले’ म्हणून ते घरी ठेवलेलं असतं. वरून त्याला घरी शिकवणं म्हटलं जातं. अशा मुलाला वेळेत मदत मिळाली तर पुष्कळ फरक पडतो. जिल्हा रुग्णालयांतली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं त्यासाठीच आहेत. तिथे जायला शाळेच्या चिठ्ठीची गरज नाही.

म्हणून घरी शिकवायचं ठरवलेल्या पालकांनी वर्षाच्या सुरुवातीला अभ्यासक्रम आखतानाच पुढच्या गोष्टी कॅलेंडरवर लिहाव्यात. तिसऱ्या वर्षी आणि पुन्हा पाचव्या वर्षी डोळ्यांची तपासणी, आणि तीही एकेक डोळा झाकून. मूल ‘काय?’ असं वारंवार विचारत असेल किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर कानांची तपासणी. दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन. दात दाखवणं. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक गोळी. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणी लशीचा बूस्टर. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं वजन गावातल्या किंवा वस्तीतल्या अंगणवाडीत नोंदवता येतं. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना आपल्या घरी मूल आहे, एवढं माहीत असू द्या. आणि रोज दोन तास घराबाहेर, इतर मुलांबरोबर.

सहा वर्षं पूर्ण होताना एकदा शांतपणे बसून पुढचा विचार करा. तोवर मटकीला मोड येऊ द्या, दही नासू द्या, एसटीच्या पाट्या वाचू द्या. घरी शिकवायला घाबरू नका. फक्त तुमच्या मुलाकडे अधूनमधून तुमच्याखेरीज कोणीतरी नीट पाहतंय ना, याची खात्री करून घ्या.