दुसरी गाठ म्हणजे पसरलेला कर्करोगच, असे नाही

पासष्टी ओलांडलेल्या गृहस्थांच्या लघवीतून रक्त जाते. दुखत काहीच नाही, दोन दिवसांत थांबतेही. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून विषय मागे पडतो. काही महिन्यांनी पुन्हा रक्त दिसते. दुर्बिणीच्या तपासणीत मूत्राशयात गाठ सापडते आणि पीएसए वाढलेला असल्याने केलेल्या बायोप्सीत प्रोस्टेटमध्येही कर्करोग निघतो. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘म्हणजे पसरला का?’

प्रत्येक वेळी नाही. एकाच व्यक्तीला दोन स्वतंत्र कर्करोग होऊ शकतात. त्यासाठीचे निकष वॉरेन आणि गेट्स यांनी १९३२ मध्येच मांडले होते. दोन्ही गाठी कर्करोगाच्या असाव्यात, त्या एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात आणि एक दुसरीतून पसरलेली नसावी. मूत्राशय आणि प्रोस्टेट ही त्यातली नेहमी आढळणारी जोडी. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी काढलेल्या प्रोस्टेटमध्ये, आधी कल्पना नसताना, कर्करोग सापडणे डॉक्टरांना नवे नाही.

पुण्यातील पुरुषांमध्ये आघाडीवर असलेल्या कर्करोगांत प्रोस्टेटचा समावेश होतो. आयुर्मान वाढले, तपासण्या वाढल्या, तसे हे दुहेरी निदानही पुढे येते. वय हा दोन्हींतला समान धागा आहे. मूत्राशयाच्या बाबतीत विडी-सिगारेटची भर पडते. धुरातील घातक द्रव्ये मूत्रपिंडातून गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन् तास साचून राहतात.

निदानातील हा फरक उपचारांची दिशा ठरवतो. पसरलेला कर्करोग म्हटले की बहुधा आजार आटोक्यात ठेवण्याचे उपचार होतात. दोन्ही गाठी स्वतंत्र आणि जागच्या जागी असतील, तर दोन्ही बऱ्या होण्याची शक्यता असते. म्हणून प्रत्येक गाठीचा तुकडा वेगळा तपासावा लागतो. पेशी प्रोस्टेटच्या की मूत्राशयाच्या, याची शंका उरली तर विशेष रंगचाचण्या करतात. लघवीत जंतुसंसर्ग असतानाही पीएसए वाढतो. त्यामुळे त्या एका आकड्यावर निष्कर्ष काढता येत नाही.

उपचारात जास्त धोकादायक गाठीला आधी प्राधान्य मिळते. मूत्राशयाची गाठ स्नायूत शिरली असेल, तर मूत्राशय आणि प्रोस्टेट एकाच शस्त्रक्रियेत काढता येतात. शक्य असेल तेव्हा आधी केमोथेरपी देतात. गाठ वरवरची असेल, तर ती दुर्बिणीतून काढून, गरजेनुसार मूत्राशयात बीसीजीचे औषध सोडतात. क्षयाच्या लसीतले हेच जिवाणू येथे प्रतिकारशक्तीला जागे करतात. मूत्राशयासाठीचे असे बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही बनवते. प्रोस्टेटचा कर्करोग सौम्य असेल, तर त्यावर फक्त नियमित लक्ष ठेवणे पुरते. प्रोस्टेटला रेडिएशन द्यायचे असेल, तर शेजारच्या मूत्राशयावर होणारा परिणाम आधी विचारात घ्यावा लागतो. त्यामुळे मूत्ररोग शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, रेडिएशनतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून क्रम ठरवणे महत्त्वाचे.

नातेवाइकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. दोन्ही गाठींचे अहवाल वेगळे आहेत का? प्रत्येकीचा टप्पा कोणता? आधी कोणता उपचार आणि का?

आणि लघवीतून एकदाही रक्त गेले, तर ते थांबले तरी तपासणी टाळू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असल्या, तरी दोष गोळ्यांवर ढकलून मोकळे होऊ नये.