हाड आमचे, मग आकडा कुणाचा?

परांचीवरून पडलेला बांधकाम कामगार सिव्हिल हॉस्पिटलात आणला जातो. नडगीचे हाड मोडलेले असते. प्लेट बसते, स्क्रू लागतात आणि घरी सोडताना सांगितले जाते, की हाड जुळले की परत या, एक्स-रे काढू, प्लेट ठेवायची की काढायची ते ठरवू. तो परत येत नाही. दवाखान्याची एक फेरी म्हणजे कामाचा एक खाडा. प्लेट काढायची ठरलीच तर पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा कित्येक दिवस घरी बसणे. आम्ही कार्यकर्ते रुग्णांबरोबर ओपीडीच्या रांगेत उभे राहतो, तेव्हा हे नेहमी पाहतो. प्रत्येकाची प्लेट काढावीच लागते असे नाही. पण ज्याला त्रास होतो तोही ठणकता पाय घेऊन कामावर जातो.

म्हणूनच शरीरात विरघळून जाणारे इम्प्लांट आणि त्यावर लक्ष ठेवणारे वायरलेस सेन्सर हा श्रीमंतांचा विषय आहे, असे म्हणून आपण तो सोडून देऊ नये. हाडे कुणाची जास्त मोडतात? उंचीवर चढणाऱ्याची, ओझे वाहणाऱ्याची, मोटारसायकलवर दिवसभर पार्सल पोचवणाऱ्याची. हा विषय आमचाच आहे.

आधी विज्ञान समजून घेऊ. मॅग्नेशियम हा धातू पाण्याशी संयोग पावून हळूहळू झिजतो. माणसाच्या शरीरात तो मुळातच असतो. प्रौढ माणसात सुमारे २५ ग्रॅम, त्यातला निम्म्याहून जास्त हाडांत. निरोगी मूत्रपिंडे जास्तीचे मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. शिवाय स्टील किंवा टायटॅनियमइतका तो ताठ नसतो. फार ताठ प्लेट सगळा भार स्वतःवर घेते आणि खालचे हाड आळशी होऊन कमकुवत होते. मॅग्नेशियम याबाबतीत हाडाच्या बरेच जवळ जाते.

मग अडचण कुठे आहे? वेगात. १९०७ मध्ये बेल्जियममधील शल्यचिकित्सक लाम्बोट यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची प्लेट सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी बसवली. दोन वेगळे धातू एकत्र आल्याने ती इतक्या वेगाने झिजली, की आठ दिवसांत तिचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठला. एक ग्रॅम मॅग्नेशियम झिजताना जवळपास एक लिटर हायड्रोजन तयार होतो. हा वायू हळूहळू निघाला तर शरीर तो शोषून घेते. एकदम निघाला तर हाड जुळण्याआधीच आधारही जातो आणि वायूची पोकळीही होते. पुढे धातूशास्त्र सुधारले, नवे मिश्रधातू आले. २०१३ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला युरोपात विक्रीची मान्यता मिळाली.

तरीही एक प्रश्न उरतोच. या रुग्णाच्या शरीरात, या हाडात, स्क्रू आज किती उरला आहे? रक्तपुरवठा, जागा, वय आणि आजार यांनुसार झिजण्याचा वेग बदलतो. मॅग्नेशियमची घनता हाडाच्या जवळपास असल्याने एक्स-रेमध्ये तो पुसटच दिसतो. आणि एक्स-रे सांगतो तो फक्त त्या दिवसाची गोष्ट.

सेन्सरची कल्पना इथे कामाला येते. इम्प्लांटजवळ तारेचे एक बारीक वेटोळे आणि विद्युतभार साठवणारा छोटा घटक बसवायचा. बॅटरी नाही. बाहेरून कातडीजवळ दुसरे वेटोळे धरले, की आतले वेटोळे ठरावीक कंप्रतेला प्रतिसाद देते. रेडिओचे स्टेशन लागते तसेच. आतला धातू झिजला किंवा त्यावरचा ताण बदलला की ती कंप्रता सरकते, आणि किती सरकली यावरून आत काय चालले आहे ते कळते. हृदयविकाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसाच्या धमनीतील दाब असाच, बॅटरीशिवाय मोजणारा सेन्सर अमेरिकेत २०१४ पासून मान्यताप्राप्त आहे. विरघळणाऱ्या हाडाच्या इम्प्लांटसाठीचे काम मात्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चालले आहे. शरीरातले खारे पाणी रेडिओलहरी शोषते, त्यामुळे सेन्सर खोल असेल तर संदेश क्षीण होतो. शिवाय सेन्सरही विरघळणारा हवा. स्क्रू गेला आणि सेन्सर उरला, तर दुसरे ऑपरेशन टळले कुठे?

आमचे काही सहकारी म्हणतात, "तालुक्याला हाडाचा डॉक्टर नाही, एक्स-रे मशीन बंद पडलेले, आणि तुम्ही सेन्सरच्या गोष्टी सांगता?" त्यांचा राग खरा आहे. डॉक्टर आणि चालू मशीन ही पहिली मागणी आहेच. पण एक मागणी पुरी होईपर्यंत दुसऱ्या विषयाकडे बघायचेच नाही, असे ठरवले तर काय होते? तंत्रज्ञान थांबत नाही. त्याचे नियम आमच्याशिवाय ठरतात, आणि ते ठरल्यावर आम्ही मोर्चा काढतो. यावेळी आधी बोलू. आमच्या अटी चार आहेत.

पहिली अट संमतीची. नवे इम्प्लांट कधीतरी माणसांवर तपासले जाणार, आणि मोडलेल्या हाडांची गर्दी सरकारी दवाखान्यात असते. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममला त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि कित्येक संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. संमती म्हणजे अंगठा नव्हे. रुग्णाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे, आणि 'नाही' म्हटल्यावर उपचार थांबता कामा नये.

दुसरी अट आकड्याची. २०२१ मध्ये अमेरिकेत सेन्सर बसवलेल्या गुडघ्याच्या इम्प्लांटला मान्यता मिळाली. रुग्ण किती पावले चालला, किती वेगाने चालला, हे घरातल्या एका यंत्रामार्फत क्लाउडवर जाते. असाच आकडा उद्या मुकादमाच्या किंवा विमा कंपनीच्या हाती लागला तर? "तुझे हाड अजून कच्चे आहे, कामावर येऊ नकोस," असे तो आकडा म्हणेल, पण त्या दिवसांची मजुरी कोण देईल? खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. नोंद आधी रुग्णाच्या हातात पडावी, आणि त्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी अट नोंदवहीची. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने एएसआर हा खुब्याचा इम्प्लांट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने चौकशी केली तेव्हा त्यातल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. ज्या देशात बसवलेला खुबा सापडत नाही, तिथे सेन्सरचा संदेश ऐकणार कोण? सेन्सरच्या आधी सरकारी नोंदवही हवी.

चौथी अट किमतीची. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी थर असलेल्या आणि विरघळणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. म्हणजे सरकारने ठरवले तर किंमत बांधता येते. हाडाच्या इम्प्लांटलाही तोच न्याय लावा आणि सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये ते आणा. 'एक माणूस, एक मूल्य' हे बाबासाहेबांचे सूत्र मतपेटीपाशी संपत नाही. ते ऑपरेशन टेबलावरही लागू होते.

सेन्सर यायला वेळ आहे. तोवर एक काम आजपासून करता येईल. इम्प्लांटच्या पाकिटावर बॅच क्रमांकाचे स्टिकर असते. ते केसपेपरला चिकटवतात आणि केसपेपर दवाखान्यातच राहतो. वस्तीतल्या कुणाच्या हाडात प्लेट किंवा रॉड बसला, तर डिस्चार्जच्या दिवशी त्याच्याबरोबर जा, त्या स्टिकरची प्रत मागा आणि शाखेच्या वहीत नोंद करा. कंपनीने उद्या माल परत मागवला, तर आपल्या माणसाला शोधायला निदान आपण तरी असू.